एचटी एकोणतीस

तिला साखर फार लागते. फ्लास्कमधलं ताजं गुलाबी मीडियम ती एक-दोन दिवसांत पिवळं करून टाकते. साखर भराभर फोडायची, आम्ल बाहेर टाकायचं आणि पुढच्या विभाजनाला लागायचं, हा तिचा खाक्या. साधारण दिवसभरात तिची संख्या दुप्पट होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्लास्टिकच्या तळाला घट्ट चिकटून, बेटं करून बसलेली दिसते. जागा संपली म्हणून थांबणं तिला माहीत नाही, मग एकमेकींच्या अंगावर चढून वाढते. दुसऱ्या फ्लास्कमध्ये हलवायची तर ट्रिप्सिन घालावं लागतं, आणि तरीही ती गठ्ठ्यांनीच सुटते. पिपेटनं खालीवर करकरून तिला सुटी करताना पीएचडीची नवी मुलं मेटाकुटीला येतात.

प्रयोगशाळेत तिला ‘एचटी ट्वेंटीनाइन’ म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची ही पेशी. ‘पेशी’ असं एकवचनी म्हणायचं ते सवयीनं. खरं तर हा एक अख्खा वंश आहे आणि जगभरच्या इनक्युबेटरांमध्ये तो साठ वर्षं अखंड चालू आहे. अमेरिकेतल्या एटीसीसी या पेशीसंग्रहात तिची नोंद एचटीबी-३८ या क्रमांकावर सापडते.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतल्या यॉर्गन फोघ यांनी ४४ वर्षांच्या एका गोऱ्या स्त्रीच्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा काचेत वाढवायला घेतला. त्या बाईंविषयी कॅटलॉगमध्ये याहून फारसं काही लिहिलेलं नाही. लेखी संमती घेण्याची आजच्यासारखी पद्धत त्या काळात नव्हती. आतड्याच्या कॅन्सरला शस्त्रक्रिया सोडली तर ५-फ्लुरोयुरासिल हे एकच म्हणण्यासारखं औषध तेव्हा हाताशी होतं. आपल्या गाठीतल्या पेशी पुढं औषधांच्या परीक्षेला बसतील आणि त्यांच्या उत्तरांवरून परक्या देशांतल्या रुग्णांचे उपचार ठरतील, हे ना त्या बाईंच्या मनात आलं असेल, ना फोघ यांच्या.

गुणसूत्रं माणसाच्या पेशीत ४६ असतात, हिच्यात सत्तरीच्या आसपास आहेत. एपीसी हे आतड्याच्या अस्तराला शिस्तीत ठेवणारं जनुक हिच्यात तुटलेलं आहे. टीपी५३ बिघडलेलं आहे. के-रास मात्र शाबूत. आणि बी-राफ नावाच्या प्रथिनात सहाशेव्या जागी व्हॅलीन असायला हवं तिथं ग्लुटामिक आम्ल येऊन बसलंय. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं, पण त्यामुळे पेशीला ‘वाढ, वाढ’ म्हणणारा संदेश कायमचा चालू झालेला. हा बिघाड विज्ञानाला २००२ साली कळला. तोवर अडतीस वर्षं ती तो बाळगूनच वाढत होती, कुणी विचारलं नव्हतं.

हिची एक तोतयाही होती. ‘विडर’ या नावानं आतड्याच्या कॅन्सरची आणखी एक पेशी प्रयोगशाळांमधून फिरत होती. ती दुसऱ्याच एका रुग्णाच्या गाठीतून काढलेली, अशी समजूत. १९८७ साली गुणसूत्रं नीट तपासली तेव्हा विडर म्हणजे एचटी-२९ चंच बाळ निघालं. कुठल्या तरी टेबलावर कधीतरी एका बाटलीतला थेंब दुसरीत गेला असणार. पेशीशास्त्रात असं फार घडतं. ज्या फोघ यांनी हिला वाढवलं त्यांनीच १९७७ साली, आपल्या १६९ पेशीवंशांत त्या सुप्रसिद्ध, घुसखोर हेला पेशींची भेसळ नाही, असा निबंध छापला होता. भेसळीची इतकी धास्ती बाळगणाऱ्या माणसाची ही पेशी. ती स्वतःच दुसऱ्याच्या घरात जाऊन त्याचं नाव लावून बसली. विडर हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडे ती पुण्यात मिळते. पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवंश पुरवणारं हे भांडार. ‘एचटी-२९ एनसीसीएस, पुणे येथून घेतली’ हे वाक्य शेकडो भारतीय शोधनिबंधांत आहे. त्यातल्या पुष्कळ निबंधांत पुढचा मजकूरही ठरलेला असतो. कुठल्या तरी पानाचा, सालीचा, कंदाचा अर्क काढायचा, शहाण्णव खान्यांच्या प्लेटमध्ये हिच्यावर ओतायचा, एमटीटीचा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळं कमी दिसलं की ‘कर्करोगविरोधी गुणधर्म’ सिद्ध. मला या प्रकाराचा कंटाळा आहे. ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं तरी जांभळं कमीच होईल. पेशी मारणं अवघड कधीच नव्हतं. कुठली पेशी कशानं मरेल आणि का, हे आधी सांगता येणं अवघड. एचटी-२९ ची खरी ख्याती तिथली आहे: तिनं एकदा नव्हे, दोनदा जाणत्यांचे अंदाज खोटे ठरवले.

पहिला अंदाज सेटुक्सिमॅबचा. पेशीच्या अंगावर ईजीएफआर नावाचा एक ग्राहक असतो. बाहेरून आलेला वाढीचा संदेश तो आत घेतो. सेटुक्सिमॅब त्याच्यावर जाऊन बसतं आणि संदेश बाहेरच अडवतं. २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मग लक्षात आलं की ज्यांच्या गाठीत के-रास बिघडलेलं आहे त्यांना या महागड्या औषधाचा काडीइतका उपयोग होत नाही. के-रास हे ईजीएफआरच्या खालच्या पायरीवर असतं आणि तेच अडकून चालू राहिलेलं असेल, तर वरचा दरवाजा लावून काय होणार? आतड्याच्या कॅन्सरच्या सुमारे चाळीस टक्के रुग्णांत हा बिघाड सापडतो. २००८ पर्यंत मोठ्या चाचण्यांनी यावर शिक्कामोर्तब केलं आणि औषधाआधी के-रासची तपासणी हा नियमच झाला. नियम चांगला होता, आजही आहे. पण त्या नियमानं एचटी-२९ पास होते. तिचं के-रास निर्दोष. म्हणजे सेटुक्सिमॅब लागू पडायला हवं. पडत नाही. के-रासच्याही खाली बसलेला बी-राफ तिच्यात बिघडलेला आहे, आणि वर काय चाललंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

ठीक. मग बी-राफलाच धरा.

इथं गोष्टीला रंग चढतो. त्वचेचा मेलॅनोमा नावाचा भयंकर कॅन्सर आहे. त्याच्या निम्म्या रुग्णांत हाच, अगदी हाच, सहाशेव्या जागेवरचा बिघाड असतो. नेमक्या त्या बिघडलेल्या प्रथिनावर बसणारं वेमुराफेनिब हे औषध तयार झालं, आणि तशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या गाठी चक्क आकसल्या. ज्या आजारात तोवर केमोथेरपीचा पाड लागत नव्हता, त्यात हे घडलं. २०११ च्या ऑगस्टमध्ये औषधाला मान्यता मिळाली. कॅन्सर यापुढं अवयवावरून ओळखायचाच नाही, बिघाडावरून ओळखायचा, अशी भाषा तेव्हा जोरात होती. त्वचा असो की आतडं, अक्षर तेच चुकलेलं असेल तर औषध तेच चालेल, हा विचार कुणालाही पटावा असाच होता.

आतड्याच्या कॅन्सरच्या आठ-दहा टक्के रुग्णांत हा बिघाड सापडतो आणि त्यांचा आजार बहुधा जास्त वाईट चालीचा असतो. अशा २१ जणांना वेमुराफेनिब देऊन पाहिलं. एकाची गाठ आकसली. एकाचीच.

एचटी-२९ ला विचारलं असतं तर तिनं आधीच सांगितलं असतं. प्लेटमध्ये वेमुराफेनिब घातलं की ती थोडी मंदावते, पण मरत नाही. काही दिवसांनी पुन्हा बेटं करून बसते. अक्षर तेच, औषध तेच, उत्तर वेगळं. प्लेटमधल्या पेशींना काय कळतंय, असं म्हणणारे डॉक्टर मला भेटले आहेत. या बाबतीत प्लेट बरोबर होती आणि मेलॅनोमावरून काढलेलं अनुमान चुकलेलं होतं.

ती का मरत नाही, हे अ‍ॅमस्टरडॅममध्ये उलगडलं. नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या गटानं साधा पण चिकाटीचा प्रयोग केला. आतड्याची बी-राफ बिघडलेली पेशी घ्यायची, वेमुराफेनिब द्यायचं, आणि तिची कायनेज जातीची पाचशेवर प्रथिनं एकेक करून गप्प करत जायचं. कुठलं प्रथिन गप्प केल्यावर ती या औषधानं मरते, एवढंच शोधायचं. उत्तर आलं: ईजीएफआर. तेच, ज्याचं दार सेटुक्सिमॅब लावतं. २०१२ साली हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. बोस्टनमध्ये रायन कोरकोरन आणि सहकारीही त्याच सुमारास त्याच उत्तराशी पोचले होते.

घडतं ते असं. बी-राफ कायम चालू असल्यानं त्याच्या खालचं एर्क नावाचं प्रथिन जोरात असतं. हे एर्क आपल्या कमाईतून दारात एक वॉचमन ठेवतं आणि तो वॉचमन ईजीएफआरला उठू देत नाही. घरात आवाज भरपूर आहे, बाहेरून आणखी नको, असा हिशेब. वेमुराफेनिबनं बी-राफ बंद झालं की एर्कची कमाई थांबते, वॉचमनचा पगार बंद होतो, तो निघून जातो, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं ईजीएफआर ताडकन उभं राहतं. ते शेजारच्या वाटेनं पुन्हा तोच ‘वाढ’ असा संदेश आत पोचवतं. म्हणजे औषध बरोबर ठिकाणी लागतं, आपलं काम चोख करतं, आणि नेमकं त्या चोखपणामुळेच दुसरं दार उघडतं. मेलॅनोमाच्या पेशींचं मूळ वेगळं, त्यांच्या अंगावर ईजीएफआर फारसं नसतंच. तिथं वॉचमन गेला तरी आत येणारं कुणी नाही. आतड्याच्या अस्तराच्या पेशीला ईजीएफआर जन्मतःच लागतं. रोज झिजणारं अस्तर ती त्याच्याच जोरावर भरून काढते. ती आतड्यातली आहे हे बिघाडानं पुसलं गेलं नव्हतं. जनुकाच्या अहवालात ते लिहिलेलं नव्हतं, कारण तिथं ते शोधायला कुणी गेलं नव्हतं.

आता ते नाव. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या चाळणीसाठी निवडलेली पेशी होती विडर. म्हणजे आपली एचटी-२९ च, टोपणनावानं.

सेटुक्सिमॅब एकटं तिच्यावर फुकट, वेमुराफेनिबच्या जातीचं औषध एकटं जवळजवळ फुकट; दोन्ही मिळून दिली तर ती कोलमडते. बेरीज शून्याहून मोठी कशी आली, हे आता कळत होतं. पुढं बीकन नावाच्या चाचणीत, आधीचे उपचार थकलेल्या ६६५ रुग्णांवर, याच कल्पनेची परीक्षा झाली. बी-राफसाठी एन्कोराफेनिब हे नवं औषध घेतलं होतं. २०१९ च्या निकालात सेटुक्सिमॅब अधिक एन्कोराफेनिब घेणाऱ्यांपैकी पाचातल्या एकाची गाठ आकसली; नेहमीच्या उपचारात ते प्रमाण शंभरात दोन होतं. आयुष्याचा मध्यक ५.४ महिन्यांवरून ८.४ वर गेला. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत या जोडीला मान्यता मिळाली. तीन महिने. प्लेटमध्ये ज्या डौलानं ती कोलमडली त्याच्या मानानं हे फार थोडं, आणि ते थोडं आहे असं स्पष्ट म्हणायला हवं. माणसाच्या शरीरातली गाठ एकजिनसी नसते. वाचलेल्या मूठभर पेशी नवा बिघाड घेऊन परत येतात.

एका पेशीवरून इतकं कळतं म्हटल्यावर सगळ्याच पेशींना सगळीच औषधं देऊन पाहावीत आणि यंत्राला अंदाज बांधायला शिकवावं, असं कुणाला वाटणार नाही? २०१२ च्या मार्चमध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात असे दोन महाप्रकल्प आले. एक केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेचा, एक अमेरिकेतल्या केंब्रिजच्या ब्रॉड संस्थेचा. शेकडो पेशीवंश, त्यांची जनुकं, आणि कुठल्या औषधाला कोण किती दबतं याचे आकडे. एचटी-२९ दोन्हीकडे हजर. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या बेंजामिन हायबे-केन्स यांनी दोन्हीकडच्या समाईक पेशी आणि समाईक औषधं शेजारी ठेवून पाहिली. जनुकांचे आकडे छान जुळले. औषधांना दिलेली उत्तरं मात्र फारशी जुळेनात. मोठा वाद झाला, काहींनी हिशेब वेगळ्या रीतीनं मांडून बरीच जुळणी दाखवली, आणि तो वाद पुरता शमला असं मी तरी म्हणणार नाही. विद्यार्थी दोन प्रश्नपत्रिकांना वेगळी उत्तरं देत असेल तर त्याच्यावरून शिकणारं यंत्र काय शिकेल, ही शंका रास्तच होती.

मला स्वतःला या घोळाचं फार नवल वाटत नाही, कारण हिचा स्वभाव माहीत आहे. फ्रान्समध्ये १९८२ साली हिच्या मीडियममधलं ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज घातलं, तेव्हा ही बेशिस्त बाई एकदम नीटनेटकी झाली. रांगेत उभी राहिली, माथ्यावर आतड्याच्या अस्तरासारखी बारीक लव उगवली, साखर पचवणारी विकरं तयार करू लागली. साखरेचा प्रकार बदलला, बस. पुढं मेथोट्रेक्सेट हे विषारी औषध पाजून जगलेल्या हिच्या काही लेकी चिकट श्लेष्मा गाळणाऱ्या निघाल्या. त्या एचटी-२९-एमटीएक्स या नावानं आजही आतड्यातल्या श्लेष्माच्या अभ्यासासाठी वापरतात. मग ‘एचटी-२९ या औषधाला कसं उत्तर देते’ या प्रश्नाला ‘कुठली एचटी-२९’ हा प्रतिप्रश्न येणारच. स्तनाच्या कॅन्सरच्या एमसीएफ-७ या पेशीचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले २७ नमुने २०१८ साली एकत्र तपासले गेले. काही नमुन्यांना जबर लागणारी औषधं इतर नमुन्यांवर पार निष्प्रभ ठरली, आणि असं तब्बल पाऊणभर औषधांच्या बाबतीत घडलं. साठ वर्षं वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या आपल्या बाईंबद्दलही खात्री बाळगण्याचं कारण नाही. म्हणून निबंधात पॅसेज कितवा (म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवली), मीडियम कोणतं, ओळख पटवणारी डीएनए चाचणी केली की नाही, हे लिहिलेलं नसेल तर मी पुढचा आलेख वाचत नाही. हा माझा हेकेखोरपणा समजा.

तिच्या मर्यादा तर उघडच आहेत. ती रक्तवाहिनीविना, रोगप्रतिकारक पेशींविना, सपाट प्लास्टिकवर जगते. शिवाय ती एकाच बाईची आहे. समोर बसलेल्या रुग्णाची गाठ कशी वागेल हे तिला विचारून कळत नाही. आतड्याच्या कॅन्सरचा हा प्रकार कसा वागतो, एवढंच कळतं. रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतून जेलीसारख्या माध्यमात सूक्ष्म गोळे वाढवायची युक्ती, म्हणजे ऑर्गनॉइड, हान्स क्लेव्हर्स यांच्या उट्रेख्टच्या प्रयोगशाळेतून आली. २०१८ साली लंडनच्या गटानं आतड्याच्या आणि इतर पचनमार्गाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांचे असे गोळे वाढवून औषधं लावून पाहिली. गोळ्यावर औषध चाललं नाही तर रुग्णावरही चाललं नाही, हे दरवेळी खरं ठरलं. गोळ्यावर चाललं तेव्हा शंभरात ८८ वेळा रुग्णावरही चाललं. एचटी-२९ ला असा मान कधीच मिळायचा नाही. पण गोळे वाढायला आठवडे लागतात आणि काहींचे वाढतच नाहीत. रुग्णाकडे तेवढा वेळ असतोच असं नाही.

दरम्यान बी-राफची तीच गोष्ट दुसऱ्या पात्रावर घडली. ज्याच्यावर औषध होणंच अशक्य असं चाळीस वर्षं म्हटलं जात होतं त्या के-रासच्या एका विशिष्ट बिघाडावर, जी१२सी वर, सोटोरासिब तयार झालं. २०२१ मध्ये ते फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मान्य झालं. तिथं शंभरात ३७ जणांच्या गाठी आकसल्या. आतड्याच्या कॅन्सरमध्ये दहासुद्धा नाहीत. या वेळी मात्र कुणी कपाळाला हात लावून बसलं नाही. सगळे थेट ईजीएफआरच्या दाराकडं गेले, त्याला बंद करणारं पॅनिटुमुमॅब सोबत दिलं, प्रमाण सव्वीसपर्यंत चढलं, आणि २०२५ च्या जानेवारीत जोडीला मान्यता मिळाली. एचटी-२९ या प्रयोगांत कामाची नव्हती, तिचं के-रास शाबूत आहे. जी१२सीच्या औषधाच्या प्लेटमध्ये तिला जागा मिळालीच तर ती एका कोपऱ्यातल्या खान्यात, इथं काही घडता कामा नये, हे दाखवण्यापुरती. आणि तिथंही ती आपली साखर खाऊन मीडियम पिवळं करणारच.